सावित्रीकांठचीं उत्तरें

हजरजबाबीपणा म्हटला कीं मराठी माणसाला प्रथम बिरबलाची आठवण होते. बादशहानें कोडें घालावें, दरबारी मंडळींनीं माना खालीं घालाव्या आणि बिरबलानें एका वाक्यांत सर्वांस गप्प बसवावें, असा त्या गोष्टींचा ठरलेला घाट आहे. गोष्टी गोड आहेत. परंतु बिरबलाचें उत्तर चुकलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न त्यांत कधींच उद्भवत नाहीं. बादशहा फार तर घटकाभर रुसला असता. इतिहासांतला बिरबल इ. स. १५८६ मध्यें वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत युसुफझई पठाणांवरील मोहिमेंत मारला गेला. तेथें चातुर्याला दाद देणारें कोणी नव्हतें. दरबारांतलें उत्तर ही करमणूक असते. ज्या उत्तरावर राज्य, प्राण किंवा माणसाची अब्रू अवलंबून असते त्याची परीक्षा निराळी; आणि ती पाहावयाची असेल तर दिल्ली-आग्ऱ्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा इतिहास त्यासाठीं पुरेसा आहे.

हा मुलूख लहानसा. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री डोंगर उतरून पोलादपुराशीं येते, तेथून महाडाकडे वळते आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. महाडच्या उत्तरेस रायगड. पूर्वेस सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीपलीकडे जावळीचें रान आणि तिच्या एका सोंडेवर प्रतापगड. जावळी व प्रतापगड आज सातारा जिल्ह्यांत मोडतात, पण प्रतापगडच्या तटावर उभें राहिलें कीं खालीं पोलादपुराकडचें खोरेंच दिसतें. ज्या जिल्ह्यास आज रायगड म्हणतात त्याचें नांव १९८१ पूर्वीं कुलाबा असें होतें. पूर्वीं घाटावरचा माल महाडच्या बंदरांत उतरे आणि बंदरांतला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून जाई. अशा ठिकाणीं व्यापारी, जकातदार, वकील आणि शिपाई यांची नित्य गांठ पडते. ज्याला नीट बोलतां येत नाहीं त्याचा तेथें निभाव लागत नाहीं.

उदाहरणांकडे वळण्यापूर्वीं दोन शब्दांकडे लक्ष देणें बरें. ‘हजरजबाब’ हा शब्द फारसी दरबारी भाषेंतून मराठींत आला. त्यांत भर आहे तो तत्परतेवर. जबाब जिभेवर हजर पाहिजे, एवढेंच तो शब्द सांगतो. संस्कृतांतील ‘उत्तर’ या शब्दाचा अर्थ अधिक खोल आहे. ‘नंतरचें’ आणि ‘वरचें’ असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. अंगावर वरून पांघरावयाच्या वस्त्रास उत्तरीय म्हणतात तें याच कारणानें. तेव्हां प्रश्नानंतर नुसतें आलें म्हणजे उत्तर झालें नाहीं. तें प्रश्नाच्या वर गेलें पाहिजे. तत्काळ दिलेला जबाब नेहमींच वर जातो असें नाहीं, आणि वर गेलेलें उत्तर नेहमींच तत्काळ दिलेलें असतें असेंहि नाहीं. कांहीं उत्तरांना अठरा वर्षें लागलीं आहेत.

कोंकणांतील खेडुताला ही कला पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. शक्ति-तुऱ्याच्या सामन्यांत एका बाजूचा शाहीर सवाल टाकतो आणि दुसऱ्या बाजूनें त्याचा जबाब गाऊन द्यावयाचा असतो. शक्तिवाले प्रकृतीचा पक्ष घेतात, तुरेवाले पुरुषाचा. प्रश्न ज्या अंगानें आला त्याच अंगानें त्याची फेड करावी लागते. रात्रभर चालणाऱ्या या झगड्यांत अक्षरशत्रु माणसेंहि पुराणांतील दाखले असे चपखल फेकतात कीं शास्त्र्यांनीं ऐकत राहावें. लग्नांतले उखाणे आणि पोरासोरांचीं कोडीं हीं याच शाळेंतलीं धाकटीं इयत्ता होत.

या कलेचें शास्त्र सांगणारा ग्रंथहि याच डोंगरांशीं जोडलेला आहे. महाड तालुक्यांत शिवथरची घळ म्हणून जी मोठी गुहा आहे, तेथें श्रीसमर्थ रामदासस्वामींनीं दासबोध सांगितला अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. ती घळ १९३० मध्यें धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं शोधून काढिली. दासबोधाचा आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नापासून होतो आणि सबंध ग्रंथ शंका व समाधान यांनीं विणलेला आहे. त्यांत मूर्खाचीं लक्षणें सांगणारा समास सर्वांस ठाऊक असतो. चातुर्याच्या लक्षणांवरहि एक समास आहे, त्याकडे मात्र लक्ष कमी जातें. त्याचा आशय असा कीं माणसाचें जन्मजात रूप प्रयत्नानें बदलत नाहीं, परंतु शहाणपण शिकतां येतें. चातुर्य ही देवाघरची देणगी नसून अभ्यासानें अंगीं आणावयाची गोष्ट आहे, असें समर्थांचें मत दिसतें. हें मत बरोबर असेल तर कोणतें उत्तर चांगलें आणि कोणतें नुसतेंच झणझणीत, हेंहि शिकतां आलें पाहिजे.

पहिलें उदाहरण झणझणीत उत्तराचें आहे. जावळीचे मोरे हे विजापुरकरांचे पिढीजाद सरदार. ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब. घांटमाथा, त्याखालचा कोंकणांतील कांहीं मुलूख आणि रायरीचा डोंगर त्यांच्या ताब्यांत होता. शिवाजीमहाराज व चंद्रराव यांच्यांतील पत्रांची जी हकीकत मोऱ्यांच्या बखरींत आली आहे, ती अशी कीं राजे म्हणविण्याचा अधिकार आपला, तुम्ही तो सोडावा, असें महाराजांनीं कळविलें. त्यावर चंद्ररावानें विचारिलें कीं तुम्ही तर काल राजे झालांत; तुम्हांस राज्य दिलें कोणीं? आमचें राजेपण महाबळेश्वराच्या कृपेचें आणि बादशहानें मोर्चेलें व सिंहासन देऊन मान्य केलेलें. जावळींत यावयाचें असेल तर खुशाल या. परत जाणें मात्र आमच्या मर्जीवर आहे. बखर ही पुढच्या काळांतील असल्यामुळें तींतील शब्द न् शब्द मूळचा आहे असें इतिहासकार मानीत नाहींत. तरी लोकांनीं हें उत्तर पिढ्यान् पिढ्या जपून ठेविलें, यावरून त्याची धार कळते.

धारदार खरें, पण त्यांत एक उणीव होती. चंद्ररावानें मोठेपणाचें जें माप पुढें केलें तें दुसऱ्याच्या घरचें होतें. बादशहानें किताब दिला म्हणून आपण राजे, असें जो म्हणतो त्यानें आपल्यावर कोणी धनी आहे हें कबूल केलेलें असतें. ‘तुम्हांस राज्य कोणीं दिलें’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्याच अंगावर उलटणारा होता. जानेवारी १६५६ मध्यें जावळी पडली. चंद्रराव रायरीवर गेला. त्याच वर्षीं रायरीहि हातची गेली आणि पुढें चंद्ररावास प्राणासहि मुकावें लागलें. परत जाण्याची वाट बंद करण्याची त्याची धमकी त्याच्याच वाट्यास आली.

ग्रीक इतिहासांत अशाच एका उत्तराची मोठी वाखाणणी आहे. मॅसिडोनियाच्या फिलिप राजानें स्पार्टाच्या लोकांस धमकी दिली कीं मी जर तुमच्या देशांत शिरलों तर तुमची धूळधाण करीन. स्पार्टानें एकाच शब्दांत जबाब पाठविला, ‘जर’. जगांतील सर्वांत आंखूड हजरजबाब म्हणून तो सांगितला जातो. परंतु इ. स. पूर्वीं ३३८ च्या सुमारास फिलिप खरोखरच त्या देशांत शिरला, त्यानें शेतें उजाड केलीं आणि सरहद्दीवरचा मुलूख काढून शेजाऱ्यांस वांटून दिला, हा कथाभाग सांगण्याचें लोक बहुधा विसरतात. शब्दामागें बळ नसेल तर शब्द गाजतो आणि शेत जातें. जावळीचें तेंच झालें.

यानंतर तीनच वर्षांनीं त्याच रानांत अगदीं उलट स्वभावाचें उत्तर दिलें गेलें. १६५९ मध्यें विजापुरचा सरदार अफझलखान मोठें सैन्य घेऊन वाईस उतरला. त्याच्याकडून कृष्णाजी भास्कर वकील म्हणून आले. महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले. या प्रसंगींच्या पत्रांचा मजकूर कवींद्र परमानंदांनीं ‘शिवभारत’ या आपल्या संस्कृत काव्यांत दिला आहे. परमानंदांचा मठ आणि समाधि पोलादपुरांत आहे, ही गोष्ट त्या गांवांतून महाबळेश्वरास जाणाऱ्या शेंकडों प्रवाशांस ठाऊक नसते. खानाचा सूर दरडावणीचा होता: घेतलेले किल्ले परत करा, जावळी सोडा, शरण या. महाराजांच्या उत्तरांत एकहि कडक शब्द नाहीं. खानाच्या पराक्रमाची स्तुति आहे, त्याच्या कृपेबद्दल आभार आहेत, किल्लेच काय पण जावळीहि देऊं असें मोकळेपणीं म्हटलें आहे. मागणें एकच, खानानें स्वतः जावळीस यावें.

वरवर पाहतां ही शरणागति. खानाची प्रत्येक मागणी मान्य केलेली; फक्त भेटीची जागा महाराजांनीं ठरविली. आणि सर्व कांहीं त्या जागेंतच होतें. वाईच्या मोकळ्या मैदानांत हत्ती, तोफा आणि घोडदळ यांचें बळ खानाकडे होतें. रडतोंडीचा घांट उतरून पार गांवाजवळच्या दाट झाडींत आल्यावर त्या बळाचा उपयोग उरला नाहीं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें घडलें तें सर्वविदित आहे. चंद्ररावाचें उत्तर ‘येऊन पाहा’ असें होतें आणि अफझलखानास गेलेलेंहि ‘या’ असेंच होतें. पहिल्यांत ऐट होती. दुसऱ्यांत तयारी होती. पहिल्यानें शत्रूला सावध केलें आणि दुसऱ्यानें गाफील केलें. मानापमानाचा कांटा क्षणभर बाजूस ठेवण्याची ज्याची तयारी नाहीं त्यास दुसरें उत्तर कधींच सुचणार नाहीं.

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव तानाजी मालुसऱ्यांच्या नांवाशीं जोडलेलें आहे, आणि तेथील उत्तर तर मराठी मुलाला शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच ठाऊक होतें. मुलाच्या लग्नाचें आमंत्रण घेऊन तानाजी राजांकडे आले. तेथें कोंडाणा घेण्याची गोष्ट निघाली. तेव्हां किल्ल्याचें लग्न आधीं लावूं आणि मुलाचें मागून, असें ते म्हणाले. ही हकीकत पोवाड्यानें लोकांपर्यंत पोंचविली आहे, समकालीन कागदांनीं नव्हे. म्हणून ती इतिहासाच्या तराजूंत जपूनच घालावी लागते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं किल्ला घेतांना तानाजी पडले, हें मात्र निर्विवाद आहे. शाहिराची दृष्टि येथें पाहण्यासारखी आहे. लग्नाचा शब्द तानाजी घरून घेऊन आले होते. तो त्यांनीं टाकला नाहीं. तोच उचलून दुसऱ्या अर्थानें वापरला. राजांस ‘नाहीं’ म्हणावें लागलें नाहीं आणि सरदारासहि आपलें काम मागें घेतों असें बोलून दाखवावें लागलें नाहीं. दोघांचाहि मान एका शब्दानें राखला. आणि त्या शब्दाची किंमत बोलणाऱ्यानें स्वतः चुकती केली, म्हणूनच तो लोकांच्या तोंडीं राहिला.

आतां रायगड. चंद्ररावाचा शेवटचा आसरा असलेली रायरी ती हीच. ६ जून १६७४ रोजीं त्याच डोंगराच्या माथ्यावर शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले. ‘राज्य कोणीं दिलें’ या प्रश्नाचें खरें उत्तर तें. शब्द एकहि न वापरतां, अठरा वर्षांनीं, प्रश्न विचारणाऱ्याच्याच किल्ल्यावरून दिलेलें.

या समारंभाच्या वेळीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडीं आला होता. नारायण शेणवी हा त्याचा दुभाषी. महाराज त्या वेळीं प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेले असल्यामुळें वकिलास गडाखालीं पाचाडास थांबावें लागलें. तेथें निराजीपंतांशीं बोलणीं सुरू झालीं. इंग्रजांनीं कलमांची एक यादीच आणिली होती. राजापुरच्या वखारीची नुकसानभरपाई, व्यापाराची मोकळीक, जकातीचा दर, अशा बहुतेक मागण्या मान्य झाल्या. दोन कलमांना मात्र जीं उत्तरें मिळालीं तीं इंग्रजांनीं आपल्या कागदांत टिपून ठेविलीं, म्हणून आज आपणांस कळतात.

पहिलें कलम नाण्यांचें. इंग्रजांचें नाणें महाराजांच्या राज्यांत चालावें, असें त्यांचें मागणें होतें. उत्तर आलें तें असें कीं ज्यांत रयतेचें नुकसान होईल तें नाणें घेण्याची सक्ति तिच्यावर करणार नाहीं. पण तुमचें नाणें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यासारखेंच कसाचें आणि वजनाचें असेल तर त्यास मनाईहि करणार नाहीं. या उत्तरांत नकार नाहीं आणि होकारहि नाहीं. इंग्रज हुकूम मागत होते. त्यांस तराजू दाखविला गेला. नाणें चोख असेल तर हुकमाची गरज काय, आणि हिणकस असेल तर हुकूम मागण्यास तोंड कोठें? व्यापाऱ्यास व्यापाऱ्याच्याच मापानें दिलेलें हें उत्तर. त्याच राज्याभिषेकाच्या निमित्तानें महाराज स्वतःचे होन आणि शिवराया पाडीत होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या तराजूमागें केवढा विचार होता तें समजतें.

दुसरें कलम फुटलेल्या गलबतांचें. वादळानें किनाऱ्यास लागलेलीं जहाजें व त्यांवरील माल परत मिळावा, अशी मागणी होती. त्यास जबाब मिळाला कीं असा माल परत करणें कोंकणच्या रिवाजांत बसत नाहीं; शिवाय ही सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीहि तीच मागतील. न्यायाच्या दृष्टीनें पाहतां गलबतवाल्याची बाजू दुबळी नव्हती. समुद्रानें आधींच लुटलेल्यास पुन्हां किनाऱ्यानें लुटावें, हें कोणासहि रुचणार नाहीं. परंतु उत्तर म्हणून त्यास तोड नव्हती, कारण त्यांत रिवाजाचा आधार घेतला होता आणि रिवाजाशीं भांडतां येत नाहीं, अशी सर्वांची समजूत होती. ‘रिवाज’ हा शब्द येथें लक्षांत ठेवावयास पाहिजे. पुढें अडीचशें वर्षांनीं याच तालुक्यांत तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघाला, आणि त्या वेळीं त्यास उत्तर मिळालें.

मध्यंतरीं राज्यें बदललीं. किल्ले ओस पडले, पेशवाई गेली, इंग्रजी अंमल बसला. वकिलांच्या भाषणांचा आणि तलवारींचा काळ संपला. पण ज्यांना आजवर कोणी प्रश्नच विचारूं दिला नव्हता त्यांचा काळ आतां सुरू होत होता. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांत नोकरी करून १८८६ मध्यें पेन्शनीवर आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मलेल्या या गृहस्थांनीं दोनतीन वर्षांतच ‘विटाळ विध्वंसन’ नांवाची पुस्तिका लिहिली. तिची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यांनीं शिव्याशाप दिले नाहींत, गाऱ्हाणींहि मांडलीं नाहींत. सव्वीस प्रश्न विचारले. ज्यांनीं विटाळाचा नियम चालविला त्यांनींच त्याचा आधार दाखवावा, असा त्या प्रश्नांचा रोख होता. जबाब देण्याचें ओझें त्यांनीं दुसऱ्या खांद्यावर ठेविलें. आजवर ज्याच्याकडून फक्त जोहार ऐकण्याची संवय होती तो माणूस हात जोडूनच पण सवाल करूं लागला, आणि सवाल असे कीं त्यांचें उत्तर देण्यापेक्षां ते ऐकू न आल्याचें सोंग करणें सोपें वाटावें. पुढें १८९५ मध्यें सरकारनें त्यांस महाड तालुका लोकल बोर्डावर नेमिलें, तेव्हां त्यांच्या शेजारीं बसावें लागणार म्हणून उच्चवर्णीय सभासदांत मोठी खळबळ उडाली. सव्वीस प्रश्नांना तेंच काय तें उत्तर मिळालें.

खरें उत्तर महाडच्या चवदार तळ्याच्या कांठीं लिहिलें जावयाचें होतें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आणून १९२३ मध्यें संमत करून घेतला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंहि १९२४ मध्यें आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिले. पाण्यापर्यंत कोणी पोंचलें नाहीं. १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी मिरवणुकीनें जाऊन तळ्याचें पाणी प्याली. त्यानंतर देवळांत शिरण्याची खोटी आवई उठली, जेवणाच्या पंगतींवर हल्ला झाला, अनेकांचीं डोकीं फुटलीं. पुढें कांहीं दिवसांनीं दूध, दहीं, शेण व गोमूत्र घातलेल्या १०८ घागरींनीं तळ्याची शुद्धि करण्यांत आली. म्युनिसिपालिटीनें आपला ठरावहि मागें घेतला.

अशा वेळीं संतापाचें उत्तर सोपें असतें. १९२७ च्या डिसेंबरांत हजारों माणसें पुन्हां महाडास जमलीं तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं जें भाषण केलें, त्यांत संताप नव्हता असें नाहीं. परंतु तो विचाराच्या ताब्यांत होता. त्यांचें म्हणणें असें होतें कीं या तळ्याचें पाणी प्यालों म्हणजे आपण अमर होऊं असें थोडेंच आहे. तें न पितां आजवर आपण जगलोंच आहोंत. तळ्यावर जावयाचें तें इतरांसारखींच आपणहि माणसें आहोंत हें सिद्ध करण्यासाठीं. आणि मनाई करणाऱ्यांनाहि पाणी बाटेल किंवा आटेल अशी भीति खरोखर वाटत नाहीं. दुसरे धर्म मानणारे लोक तें पितात, जनावरें पितात, त्यानें तें बाटत नाहीं. त्यांना भीति वाटते ती समानता मान्य करावी लागेल याची.

उत्तराची कला म्हणून या बोलण्याकडे पाहिलें तर त्याचें मर्म दिसतें. विरोधक पाण्याविषयीं बोलत होते. त्यांच्याशीं पाण्याच्या पवित्रतेवर वाद घातला असता तर तो शेंकडों वर्षें चालला असता. डॉ. आंबेडकरांनीं आधीं पाण्याचें महत्त्वच काढून घेतलें आणि मग वादाचें खरें नांव उच्चारलें. त्यांनीं त्या परिषदेची तुलना १७८९ मध्यें फ्रान्सांत भरलेल्या राष्ट्रीय सभेशीं केली. महाडासारख्या तालुक्याच्या गांवीं मांडवांत बसलेल्या, पिढ्यान् पिढ्या अक्षरास पारख्या झालेल्या माणसांना, आपण जगाच्या इतिहासांतील एका पंक्तीस बसलों आहोंत, हें प्रथमच कळलें.

त्या दोनतीन दिवसांत आणखी एक कसोटी होती. तळ्यास हात लावूं नये असा दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम सत्याग्रहापूर्वींच निघाला होता. जमलेल्या हजारोंचा आग्रह पाण्यांत उतरण्याचा. शेवटीं हुकूम मोडावयाचा नाहीं असें ठरलें. मिरवणूक तळ्यास वेढा घालून शांतपणें परत फिरली. कित्येकांना ती माघार वाटली असेल. परंतु दावा कोर्टांत जाणार होता, आणि तेथें कायद्याचा शब्द आपल्या बाजूस ठेवणें अवश्य होतें. प्रतापगडच्या पायथ्याशीं जी गोष्ट तलवारीच्या युद्धांत दिसली होती, ती येथें न्यायाच्या युद्धांत दिसली. मानाचा कांटा क्षणभर बाजूस ठेवून जागा आपण निवडावयाची.

दाव्यांत विरोधकांचा आधार एकच होता: रिवाज. या तळ्याचें पाणी अस्पृश्यांनीं घेऊं नये असा प्राचीन रिवाज आहे, असें ते म्हणत. १६७४ मध्यें इंग्रज वकिलास निरुत्तर करणारा शब्द तो हाच. परंतु राजाच्या दरबारांत रिवाज नुसता सांगून चालतो. कोर्टांत तो शाबीत करावा लागतो. दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं असा रिवाज अनादि काळापासून चालत आल्याचें वादींना सिद्ध करतां आलेलें नाहीं. ज्यांनीं जुनेपणाचा हवाला दिला त्यांनाच ‘केव्हांपासून?’ असें विचारण्यांत आलें, आणि त्यांच्यापाशीं जबाब नव्हता. गोपाळबाबांच्या प्रश्नांचा रोख हाच होता: आधार दाखवा. पन्नास वर्षांनीं तो प्रश्न कोर्टाच्या तोंडून निघाला.

हीं सर्व उत्तरें एका ओळींत मांडून पाहिलीं म्हणजे कांहीं गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. टिकणारें उत्तर बहुधा नवा शब्द शोधीत नाहीं. समोरच्याचाच शब्द, त्याचेंच माप, त्याचाच नियम उचलून त्यास परत देतें. तानाजींनीं लग्नाचा शब्द उचलला, रायगडावर इंग्रजांस व्यापाराचें माप दाखविलें गेलें, वलंगकरांनीं नियम चालविणाऱ्यांकडेच नियमाचा आधार मागितला आणि हायकोर्टानें रिवाजवाल्यांस रिवाजाच्याच कसोटीस लावलें. अशा उत्तरापुढें समोरचा निरुपाय होतो, कारण तें माप खोटें म्हणावें तर स्वतःचेंच म्हणणें खोटें पडतें. चंद्ररावाच्या उत्तरांत ऐट पुष्कळ होती, पण माप उसनें होतें. तेंच त्यास भोंवलें.

दुसरी गोष्ट अशी कीं अपमान करणें हें उत्तराचें काम नव्हे. घरांत, शाळेंत, बाजारांत आणि सभेंत रोज असंख्य टोमणे मारले जातात आणि त्यांना उलट टोमणेहि मिळतात. त्यानें हशा पिकतो, क्वचित् वैर पिकतें, आणि दोन्ही लौकरच विसरले जातात. विनोदाचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. तळ्याच्या पाण्यानें कोणी अमर होत नाहीं, या म्हणण्यांतहि विनोद आहेच. पण तो विनोद दुसऱ्यास हिणविण्यासाठीं नसून स्वतः ताठ उभें राहण्यासाठीं आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. यांतलें प्रत्येक मोठें उत्तर ज्यानें दिलें त्यास त्याच्या मागें उभें राहावें लागलें. कोणास किल्ल्यावर, कोणास कोर्टांत, कोणास फुटलेल्या डोक्यानें रस्त्यांत. बिरबलाच्या गोष्टींतील उत्तर दिल्यावर गोष्ट संपते. सावित्रीकांठच्या उत्तरांचें तसें नाहीं. उत्तर दिल्यावरच त्यांची खरी गोष्ट सुरू होते. म्हणून चातुर्य शिकतां येतें हें समर्थांचें म्हणणें खरें असलें, तरी त्याबरोबर धैर्याचाहि अभ्यास करावा लागतो, एवढी पुस्ती हा मुलूख त्यास जोडतो. महाडास चवदार तळें आजहि आहे, आणि दरवर्षीं २० मार्चला दूरदूरच्या गांवांहून माणसें तेथें येतात. तळ्याच्या पाण्यानें कोणी अमर होत नाहीं, हें त्या प्रत्येकास ठाऊक असतें. तरीहि तीं येतात.